छायाबाहुल्यांचे मूळ आणि शब्दांची साक्ष

१

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर या गावाच्या नावाची फोड करणे भाषाभ्यासकाला अवघड नाही. ‘रहमत’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या द्वारे दख्खनेत आला. ‘पूर’ हे संस्कृत ‘पुर’ या शब्दाचे मराठी रूप. आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याच्याशी निगडित अशी मशीद व मकबरा गावात आहे, आणि नावाच्या पूर्वपदाची ऐतिहासिक संगतीही त्यावरून लागते. विशेष असे, की या नावाची दोन्ही पदे इंडोनेशियात आजही नांदत आहेत. ‘रहमत’ हा शब्द तेथील राष्ट्रभाषेत ईश्वरी कृपा या अर्थाने रूढ असून १९४५ च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतही तो आलेला आहे. ‘पुरा’ हा शब्द बाली बेटावर देवालयाचा वाचक आहे, तर ‘पुरी’ म्हणजे राजवाडा. संस्कृतातील नगरवाचक शब्द बालीत देवळाला लागला आणि साताऱ्यात तो गावाच्या नावाचे उत्तरपद होऊन राहिला.

या उदाहरणावरून एक साधा विवेक हाती येतो. नावातील पदांचे कूळ सांगणे ही एक गोष्ट, आणि ते नाव धारण करणारी वस्तू कोणाची हे सांगणे ही दुसरी. रहिमतपूर अरबांचे आहे असे कोणी म्हणत नाही. बालीतील ‘पुरा’ हे भारतीयांनी बांधलेले देवालय होय, असेही केवळ शब्दावरून म्हणता येणार नाही. असे असूनही आग्नेय आशियातील परंपरागत कलांविषयी जे लेखन झाले, त्यात या दोन गोष्टींची गल्लत वारंवार झालेली आढळते. जावातील चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळ, म्हणजे ‘वायांग कुलित’, हे या गल्लतीचे ठळक उदाहरण होय. या खेळाशी जुळणारी कला महाराष्ट्रातही आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या तिन्ही परंपरा सांभाळलेल्या आहेत. तेव्हा या वादाचा विचार मराठी अभ्यासकाला दुरून करण्याचे कारण नाही. वायांगच्या मूळस्थानाविषयी जे युक्तिवाद झाले, त्यांपैकी शब्दांवर आधारलेल्या युक्तिवादाची मराठीच्या कसोटीवर परीक्षा करणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

या वादाचे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष भारताला मूळस्थान मानतो. रिखार्ड पिशेल या जर्मन संस्कृतज्ञाने १९०० साली बाहुल्यांच्या खेळाचे माहेर भारत असल्याचे प्रतिपादन केले आणि १९०६ साली प्राचीन भारतातील छायानाट्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. पुढे १९२६ साली कलकत्त्यात ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. रमेशचंद्र मजुमदार यांनी चंपा आणि सुवर्णद्वीप यांवर लिहिलेले ग्रंथ याच काळातील आहेत. १९२७ साली रवींद्रनाथ ठाकूर जावा-बालीच्या प्रवासास गेले, त्या वेळी भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चट्टोपाध्याय त्यांच्यासमवेत होते. चट्टोपाध्यायांनी या प्रवासाचे जे वर्णन लिहिले, त्याच्या नावातच ‘द्वीपमय भारत’ हे शब्द आहेत. परतंत्र देशातील विद्वानांना समुद्रापलीकडे आपल्या संस्कृतीचा विस्तार दिसावा आणि त्याने त्यांचे मन उचंबळून यावे, हे स्वाभाविक होते. परंतु ‘द्वीपमय भारत’ म्हटले की द्वीपे हे विशेषण होते आणि भारत हे विशेष्य. आणि हा केवळ व्याकरणाचा भेद नव्हे. त्या बेटांतील लोकांनी स्वतः घडविलेले काय, हा प्रश्न विचारण्याची गरजच अशा नावाने उरत नाही.

दुसरा पक्ष डच पंडितांचा. यो. ल. आ. ब्रांडेस याने १८८९ साली असे मत मांडले, की भारताशी संबंध येण्यापूर्वीच जावातील लोकांपाशी दहा गोष्टी होत्या. वायांग, गामेलान हे वाद्यवृंद, बातिक ही मेणाने कापड रंगविण्याची कला, धातुकाम, नौकानयन, पाटाच्या पाण्यावरची भातशेती इत्यादींचा त्यांत समावेश होता. ग. आ. यो. हाझेउ याने १८९७ साली आपल्या प्रबंधात यांतील वायांगचा पक्ष शब्दांच्या आधारे सिद्ध करू पाहिला. खेळाच्या साधनांची नावे जावानीज आहेत, संस्कृत नाहीत. म्हणून खेळ जावातच जन्मला, हे त्याच्या युक्तिवादाचे सार. हे पंडित ज्या राज्यसत्तेच्या छत्राखाली काम करीत होते तिलाही जावाचे भारतापासूनचे वेगळेपण गैरसोयीचे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि युक्तिवादाची परीक्षा त्याच्या कर्त्याच्या हेतूवरून करावयाची नसते; पुराव्यावरून करावयाची असते.

३

हाझेउचा पुरावा प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे न्याय्य होईल. प्राचीन जावानीज भाषेवरील संस्कृतचा प्रभाव फार मोठा आहे. पे. यो. झूटमूल्डर यांनी १९८२ साली सिद्ध केलेल्या कोशात सुमारे २५,५०० शब्दनोंदी असून त्यांपैकी सुमारे १२,६०० नोंदींचे मूळ प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे संस्कृतात जाते. म्हणजे जवळजवळ निम्मे शब्दभांडार. जी भाषा इतक्या मोकळ्या हाताने उसने घेते, तिच्यात एखाद्या क्षेत्रातील शब्द उसने नसणे, हे अर्थपूर्ण ठरते.

वायांगचे क्षेत्र तसे आहे. खेळ करणाऱ्यास ‘दालांग’ म्हणतात, पडद्यास ‘केलिर’ आणि पडद्यामागील दिव्यास ‘ब्लेंचोंग’. बाहुल्या रोवण्यासाठी आडवा ठेवलेला केळीचा खांब म्हणजे ‘गेदेबोग’. खेळाच्या आरंभी व अंती पडद्याच्या मध्यभागी उभी करावयाची पर्वताकार आकृती म्हणजे ‘गुनुंगान’. ‘गुनुंग’ म्हणजे डोंगर. तिचेच दुसरे नाव ‘कायोन’. ‘कायु’ म्हणजे लाकूड वा झाड. म्हशीच्या कमावलेल्या चामड्यावर छिन्नीने जाळी कोरणे ते ‘ताताह’ आणि तीवर रंग चढविणे ते ‘सुंगिंग’. यांतील एकाही शब्दाचे संस्कृत मूळ दाखविता येत नाही. याउलट पडद्यावर जी पात्रे अवतरतात त्यांची नावे अर्जुन, भीम, कृष्ण, राम अशी आहेत. कथेतील नावे संस्कृत आणि हत्यारांची नावे जावानीज, अशी ही स्वच्छ विभागणी आहे.

ही विभागणी जुनीही आहे. राजा बालितुंग याच्या इ. स. ९०७ मधील ताम्रपटात देवांप्रीत्यर्थ झालेल्या वायांगचा उल्लेख येतो आणि त्यात कुमार भीमाची कथा सांगितली गेल्याचे नमूद आहे. तेथे खेळाला जावानीज शब्द योजला आहे, आणि कथा सांगण्याच्या क्रियेला संस्कृत ‘चरित’ या शब्दावरून साधलेले क्रियापद. अकराव्या शतकात ऐर्लंग राजाच्या आश्रयास असलेल्या म्पू कण्व या कवीच्या ‘अर्जुनविवाह’ काव्यात असा दृष्टांत येतो, की बाहुल्या पाहणारे लोक, ते कोरलेले चामडे आहे हे ठाऊक असूनही, रडतात. म्हणजे अकराव्या शतकात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जावात दृष्टांतास योग्य इतका परिचित होता.

याच्या तोडीचा भारतीय पुरावा शोधू जाता तोही पुष्कळसा शब्दांच्या अर्थावरच येऊन ठेपतो. पतंजलीच्या महाभाष्यात, कंसवध होऊन युगे लोटली असता ‘कंसाला मारवितो’ असा वर्तमानकाळाचा प्रयोग कसा संभवतो, याची चर्चा आहे. तेथे शौभिक, चित्रे आणि ग्रंथिक यांचा उल्लेख येतो. चित्रे दाखवून अथवा कथा सांगून भूतकाळ प्रत्यक्ष करणारे लोक त्या काळी होते, एवढे यावरून निश्चित होते. शौभिक हे छायाबाहुल्या दाखवीत होते किंवा कसे, हे मात्र त्या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून असून त्याविषयी विद्वानांत एकमत नाही. सुभटाचे ‘दूतांगद’ हे नाटक इ. स. १२४३ मध्ये अनहिलवाड येथे झाले आणि त्याला ‘छायानाटक’ असे म्हटले आहे. पण ‘छाया’ म्हणजे पडद्यावरची सावली, की मूळ नाटकाची संक्षिप्त छाया, हाही वादाचाच विषय आहे.

४

हाझेउचा युक्तिवाद येथपर्यंत प्रबळ दिसतो. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. वस्तू बाहेरून आली तर तिची व तिच्या अवयवांची नावेही बाहेरूनच येतात, हे ते गृहीत. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यास मराठीइतकी चांगली प्रयोगशाळा क्वचितच मिळेल. कारण मराठीतील उसनवारीचा इतिहास बराचसा ज्ञात आहे.

हार्मोनियम हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये सिद्ध झाले. मराठीत त्याचे नाव ‘पेटी’. तिचा ‘भाता’, तिच्या ‘पट्ट्या’, तिचे ‘सूर’; गायकाची उंची सांगावयाची ती ‘काळी एक’ वा ‘पांढरी चार’ अशी. वाद्याचा इतिहास नष्ट झाला आणि केवळ हे शब्द उरले, तर हाझेउच्या रीतीने चालणारा एखादा भावी संशोधक पेटीचा जन्म महाराष्ट्रात झाला असे सिद्ध करील. त्याचे शब्द खरे असतील आणि निष्कर्ष मात्र खोटा असेल.

उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. ‘तमाशा’ हा शब्द अरबी-फारसी, ‘शाहीर’ अरबी, त्याच्या हातातील ‘डफ’ही अरबी. परंतु लावणी आणि पोवाडा यांचा छंद, भाषा व विषय मराठी आहेत. तमाशा अरबस्तानातून आला असे म्हणण्यास कोणी धजणार नाही. सावंतवाडीच्या गंजिफांचे उदाहरण तर हस्तकलेतलेच आहे. गंजिफा हे नावही फारसी आणि खेळही मोगलांच्या दरबाराबरोबर पसरलेला. तथापि सावंतवाडीच्या चिताऱ्याने रंगविलेल्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा हुकूम असतात, प्रत्येकात बारा पाने, एकूण १२० पाने. आणि प्रत्येक हुकमातील वरच्या दोन पानांना ‘राजा’ व ‘प्रधान’ म्हणतात. वस्तू परकी, तिचे नाव परके, तिच्या अंगावरची कथा व चित्रे मात्र येथली. ही वायांगच्या नेमकी उलट रचना आहे. पण तिच्यावरूनही हाच बोध होतो, की नाव, वस्तू आणि कथा या तिघी एकाच वाटेने प्रवास करीत नाहीत.

पिशेलच्या युक्तिवादाचीही याच कसोटीवर परीक्षा होते. संस्कृत नाटकातील व्यवस्थापकाला ‘सूत्रधार’, म्हणजे दोरी धरणारा, म्हणतात. त्यावरून माणसांच्या नाटकापूर्वी दोरीच्या बाहुल्यांचे नाटक असले पाहिजे, असे त्याचे अनुमान. पण ‘सूत्रधार’ शब्दाचा दुसरा अर्थ मापाचे सूत धरणारा कारागीर असा आहे आणि मराठीतील ‘सुतार’ याच कुळातला. दोरी बाहुलीची असू शकते तशी ओळंब्याचीही असू शकते. सुताराच्या कामठ्यात ज्याचा उलगडा होतो, त्या शब्दावर नाट्याच्या उत्पत्तीचा सिद्धांत उभारणे धाडसाचे होय.

मग शब्दांची साक्ष निरर्थक समजावी काय? तसे नव्हे. साक्षीदाराला जे ठाऊक आहे तेच त्याला विचारले पाहिजे. कसबाचे शब्द उत्पत्तीची साक्ष देत नाहीत. ते स्वामित्वाची साक्ष देतात. पेटीचे सारे शब्द मराठी आहेत याचा अर्थ असा, की वादकांनी, गायकांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी ते वाद्य इतके आपलेसे केले, की गुरूने शिष्याला शिकविताना परक्या शब्दाची गरज उरली नाही. दालांग, केलिर, ब्लेंचोंग या शब्दांचा अर्थही एवढाच आणि तोही पुरेसा आहे. किमान अकरा शतके ज्या कलेचे नाव जावानीज आहे आणि जिची साधने हाताळणारा माणूस ती आपल्या भाषेत शिकला व शिकवीत आला, ती कला जावाची आहे. तिची पहिली बाहुली कोठे कोरली गेली, या प्रश्नाचे उत्तर काहीही येवो, या विधानात फरक पडत नाही.

५

या दृष्टीने पिंगुळीकडे पाहिले असता तुलनेचे स्वरूपच बदलते. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी ही हातांनी रंगविलेल्या सुट्या कागदांवरची कला आहे. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो आणि रामायण-महाभारतातील आख्यान गाऊन व बोलून सांगतो. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पांढऱ्या पडद्यामागे दिव्याच्या उजेडात होतो. सावंतवाडी संस्थानचा या कलांना आश्रय होता. ‘पैठण शैली’ या नावाने संग्रहालयांत ओळखली जाणारी चित्रे याच परंपरेतील असून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा संग्रह आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. त्यामुळे दख्खनेत या व्यवसायाला दीर्घ पूर्वपरंपरा होती, असे म्हणता येते.

जावातही चित्रे दाखवून कथा सांगण्याची कला आहे. तिचे नाव ‘वायांग बेबेर’. ‘बेबेर’ म्हणजे उलगडणे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात चिनी नौपथकाबरोबर आलेल्या मा हुआन याने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. कथेकरी जमिनीवर बसून चित्रपट उलगडतो, एकेका चित्राची कथा मोठ्याने सांगतो आणि भोवतीचे लोक कधी हसतात, कधी रडतात, असे त्याने म्हटले आहे. या कलेचे जुने पट आता पूर्व जावातील पाचितान आणि योग्यकार्ताजवळील वोनोसारी या परिसरांत उरले आहेत. मा हुआनचे वर्णन पिंगुळीला थोड्याच फेरफाराने लागू पडेल. तथापि उपलब्ध पटांतील कथा रामाची वा पांडवांची नसून पांजी या जावानीज राजपुत्राची आहे. छायाबाहुल्यांच्या खेळात कथा मुख्यतः भारतीय व शब्दसंपत्ती जावानीज. चित्रपटांच्या खेळात पद्धती चित्रकथीशी जुळणारी आणि कथा मात्र पूर्णतः जावानीज. कथा व कसब यांचे मार्ग भिन्न असतात, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखविणारी जोडी सापडणे कठीण.

नावांच्या साम्याविषयीही सावधगिरी हवी. मराठीत ‘चामड्याच्या बाहुल्या’, कन्नडात ‘तोगलु गोंबेयाट’, तेलुगूत ‘तोलु बोम्मलाट’, मलयाळमात ‘तोलपावकूत्तु’, थायी भाषेत ‘नांग’ आणि ख्मेर भाषेत ‘स्बेक’ ही सर्व नावे चामड्यावरून पडलेली आहेत. उलट ओडिशातील ‘रावणछाया’ सावलीवरून; आणि ‘वायांग’ शब्दाचा संबंधही सामान्यतः सावलीशी लावतात. यावरून चामड्याची एक शाखा आणि सावलीची दुसरी शाखा अशी वंशावळ मांडण्याचा मोह होईल. पण वस्तूला तिच्या द्रव्यावरून वा दिसण्यावरून नाव देणे हा सर्व भाषांचा सहजधर्म आहे. स्वतंत्रपणे सुचू शकणाऱ्या नावांचे साम्य संबंधाचा पुरावा होऊ शकत नाही.

या संदर्भात एक वस्तुस्थिती मराठी अभ्यासकाने विशेष मनावर घेण्याजोगी आहे. कर्नाटकातील किळ्ळेक्यात, तसेच आंध्र व तामिळनाडूतील चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणारी अनेक कुटुंबे घरात मराठीची बोली बोलतात. पडद्यामागे बसल्यावर ती कन्नड, तेलुगू अथवा तमिळ बोलतात; खेळाची गीते, विनोद आणि संवाद त्याच भाषांत असतात. घरची भाषा आणि कसबाची भाषा अशा दोन भाषा एकाच माणसाच्या तोंडी नांदतात. ‘तोलु बोम्मलाट’ हा मराठी खेळ ठरवावा काय? कलावंताच्या कुळावरून स्वामित्व ठरविणाऱ्याला तसे म्हणावे लागेल. परंतु ज्या प्रेक्षकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला, ज्यांच्या भाषेत तो रचला गेला, त्यांना हे विधान चमत्कारिक वाटेल. आणि त्यांचे म्हणणे योग्य असेल. जे आंध्राबाबत मान्य करावयाचे, ते जावाबाबत अमान्य करण्यास आधार उरत नाही.

६

स्वामित्वाची आणखी एक खूण खेळाच्या अंतर्गत भाषाव्यवहारात सापडते. बालीच्या वायांगमध्ये देव आणि राजे कवी भाषेत, म्हणजे प्राचीन जावानीज वळणाच्या काव्यभाषेत बोलतात. ती सामान्य प्रेक्षकाला समजत नाही. म्हणून त्वालेन, मेर्दाह, देलेम व सांगुत हे चार सेवक पडद्यावर असतात आणि ते आपल्या धन्यांचे बोलणे रोजच्या बाली भाषेत सांगतात, त्यावर भाष्य करतात, प्रसंगी थट्टाही करतात. जावात हे काम सेमार व त्याचे पुत्र गारेंग, पेत्रुक आणि बागोंग करतात. महाभारतात यांपैकी कोणीही नाही. कर्नाटकात किळ्ळेक्यात हे खेळातील विदूषकाचेच नाव असून तेच पुढे त्या कलावंतांच्या समाजालाही लागलेले आहे. आणलेली कथा आपल्या लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी प्रत्येक भाषेने आपला एक माणूस त्या कथेत उभा केला, असा याचा अर्थ होतो. भाषांतर हे येथे खेळाबाहेरचे साधन नसून खेळाचाच भाग आहे.

मराठी वाचकाला ही रचना अपरिचित वाटू नये. नारदीय कीर्तनात संस्कृत वचन वा संतांचे पद घेऊन त्याचे निरूपण पूर्वरंगात होते व उत्तररंगात आख्यान लागते. वचनाची भाषा आणि निरूपणाची भाषा यांतील अंतर कीर्तनकार भरून काढतो. रहिमतपूरच्या रेल्वे स्थानकावर उतरून पूर्वी लोक ज्या औंध संस्थानात जात, तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकारही होते आणि कीर्तनकारही. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. त्यातील शरीररचना, छायाप्रकाश आणि दूरदृश्य यांची रीत युरोपीय चित्रशाळेतून आलेली आहे. मुद्रणाचे तंत्रही तिकडचेच. पण त्या ग्रंथाला ‘युरोपीय कलेचा दख्खनेतील विस्तार’ असे कोणी म्हटले, तर तो औंधच्या राजावर अन्याय होईल, कारण त्या तंत्राने काय सांगावयाचे व कोणासाठी सांगावयाचे हे त्यांनी ठरविले होते. याच बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत १९६१ ते १९६४ या काळात इंडोनेशियात भारताचे राजदूत होते. चित्रातून रामकथा सांगणारे घर आणि सावल्यांतून रामकथा सांगणारा देश यांची ही गाठ योगायोगाची असली तरी तुलनेच्या दृष्टीने बोधक आहे. औंधला जो न्याय लावावयाचा तोच जावाला लावला, तर ‘बृहत्तर भारत’ ही कल्पना फार काळ तग धरू शकत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. कथा गेली, लिपी गेली, हजारो शब्द गेले. मग भारताचे ऋण नाकारावयाचे काय? ऋण नाकारण्याचा येथे प्रश्नच नाही. ज्या भाषेच्या कोशातील निम्म्या नोंदी संस्कृतमूलक आहेत, तेथील ऋण उघड आहे आणि जावानीज विद्वानांनीही ते लपविलेले नाही. प्रश्न एवढाच, की ऋण हा शब्द वापरताना ऋणको कोण हे विसरता कामा नये. मराठीनेही संस्कृत, फारसी, कन्नड, पोर्तुगीज आणि इंग्रजी या भाषांकडून भरपूर घेतले आहे. म्हणून ज्ञानेश्वरी संस्कृताचा विस्तार ठरत नाही आणि तमाशा फारसीचा ठरत नाही. घेणाऱ्याने निवड केली, नाकारले, बदलले आणि शेवटी त्यातून स्वतःचे काही केले. कलेचा इतिहास या कृतींचा असतो. ओ. डब्ल्यू. वोल्टर्स यांनी १९८२ साली आग्नेय आशियाच्या इतिहासाला अनुलक्षून स्थानिकीकरणाची जी संकल्पना मांडली, तिचा आशयही स्थूलमानाने हाच आहे. कसबाच्या शब्दांनी तिला भाषिक आधार मिळतो.

७

या विवेचनातून दोन कर्तव्ये निष्पन्न होतात. पहिले लेखनातील शिस्तीचे. आग्नेय आशियातील एखाद्या कलेविषयी लिहिताना कथेचे मूळ, तंत्राचे मूळ, शब्दांचे मूळ आणि कलेचे स्वामित्व या चार गोष्टींची विधाने स्वतंत्रपणे केली पाहिजेत व प्रत्येकीचा पुरावा स्वतंत्रपणे दिला पाहिजे. ‘भारतीय संस्कृतीचा प्रसार’ या एकाच शब्दप्रयोगात ही चारही विधाने कोंबली, की त्यांतील एकाचेही परीक्षण होऊ शकत नाही.

दुसरे कर्तव्य घरचे आहे. योग्यकार्तामध्ये राजवाड्याच्या आश्रयाने दालांगांना शिक्षण देणारी ‘हाबिरांधा’ ही शाळा १९२५ साली सुरू झाली. युनेस्कोने वायांगला २००३ साली मानवजातीचा मौखिक व अमूर्त वारसा म्हणून घोषित केले आणि २००८ साली त्याचा समावेश प्रातिनिधिक यादीत झाला. वायांगच्या प्रत्येक हत्याराचे, प्रत्येक हालचालीचे आणि प्रत्येक स्वराचे नाव कोशांत व पाठ्यपुस्तकांत नोंदलेले आहे. पिंगुळीची विद्या मात्र घराघरांतून, बापाकडून मुलाकडे, अशी चालत आली. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी पिंगुळीत उभारलेल्या संग्रहालयात जुन्या पोथ्या व बाहुल्या पाहावयास मिळतात. या मान्यतेने चित्रे आणि बाहुल्या वाचतील. शब्द संग्रहालयाच्या कपाटात राहू शकत नाहीत. ते काम चालू असताना, तोंडातून निघतानाच टिपावे लागतात. चामडे कमावण्याच्या पायऱ्या, कोरण्याची हत्यारे, बाहुलीच्या सांध्यांची नावे, रंग कालविण्याच्या रीती, कथेतील ठेक्यांचे व वळणांचे शब्द, या सर्वांची पद्धतशीर सूची, उच्चारणासह व वापराच्या वाक्यांसह, मराठीच्या विद्यापीठीय विभागांनी करावयास हवी. दिव्याच्या जागी विजेचा दिवा आला, गावच्या देवळाच्या जागी पर्यटकांपुढील रंगमंच आला, रात्रभराचे आख्यान अर्ध्या तासावर आले, की जे शब्द कामातून जातात ते पुढच्या पिढीच्या बोलण्यातूनही जातात.

अशी सूची हाती आल्यावर दक्षिणेतील मराठीभाषी बाहुलीकारांच्या घरगुती बोलीतील शब्दांशी तिची तुलना करता येईल. पिंगुळी, किळ्ळेक्यात आणि तामिळनाडूतील कुटुंबे यांच्या कसबात एखादा समान मराठी थर आहे किंवा कसे, हे त्या तुलनेतून ठरेल. त्या थराचा शोध घेण्यासाठी जावापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. तो कुडाळपासून मदुरेपर्यंतच्या वाटेवर घ्यावयाचा आहे. जावाच्या बाहुल्या भारताच्या की जावाच्या, या वादात मराठी अभ्यासकाने आपल्या वाट्याचे जे पुरावे आणावयाचे, ते प्रथम येथे, पिंगुळीच्या ठाकरांच्या आणि दक्षिणेतल्या या कुटुंबांच्या तोंडून गोळा झाले पाहिजेत.